व्याह्यांचा कदमताल

साल दोन हजार चोवीस, माझं वय बहात्तर. फौजेनं आजवर किती माणसं पेन्शनीवर घरी धाडली असतील कोण जाणे, पण आमच्या व्याह्यांइतका आवाज सोबत घेऊन आलेला गडी दुसरा नसेल. तोफखान्यात सुभेदार होते. तोफ सरकारजमा करावी लागली, त्याची भरपाई म्हणून की काय, त्यांनी सांगलीहून गाणी मिसळायचं डीजेचं यंत्र आणलं. यंत्र म्हणजे पाटाएवढी काळी फळी. दोन बाजूंना दोन तबकड्या, मधे सरकत्या खुंट्या, खाली लुकलुकणारी चौकोनी बटणं. एका तबकडीवरचं गाणं सरायच्या आत दुसरीवरचं त्यात मुरवायचं, दुधाला विरजण लावावं तसं. बॅटरीवर चालतं, त्यामुळं लाईट जाऊन गावाची सुटका होईल ही आशाही नाही. हे आणि डब्याएवढा स्पीकर फौजेतल्या पिट्टूत भरून, तो पाठीला लावून व्याही इस्लामपूरच्या पंचक्रोशीत हिंडतात. बोलावलं तिथं जातात; न बोलावलं तिथं जरा लवकर जातात.

एस्टीत खिडकीची जागा पिट्टूला, स्वतः उभे. एकदा कंडक्टर म्हणाला, "आजोबा, पिशवी खाली ठेवा की." व्याही गरजले, "पिशवी न्हाई, हत्यार हाय!" पुढच्या थांब्यावर निम्मी गाडी रिकामी झाली. रविवारी दात घासायच्या ब्रशनं ते यंत्राचा कोपरा न् कोपरा साफ करतात आणि वर टॉवेल पांघरतात. तेराव्याला गेले तरी पिट्टू पाठीला. तिथं घरधन्याच्या कानाशी लागून विचारलं, "काय हलकं लावू का?" कानाशी हे त्यांच्या मते. ऐकलं सगळ्या मांडवानं.

त्यांचं म्हणणं, जगातल्या सगळ्या गाण्यांचा खरा ठेका एकच, कवायतीचा. आरती असो, लावणी असो, खुंटी सरकवून तिला कदमतालावर आणल्याशिवाय सोडत नाहीत. इस्लामपुरात एका वरातीत वाजवायला होते. वऱ्हाड नाचायला निघालं आणि चार पावलांत डावा-उजवा करत रांगेत चालायला लागलं. घोड्याला तेवढं आवडलं. नवरीचा बाप मला म्हणाला, "पावणं, जावई दारात आला का लढाईवर निघाला, कायबी उमजंना!" वाजवताना व्याही स्वतः कधी डुलत नाहीत. सावधान उभे, डोळे बटणांच्या दिव्यांवर, आणि एक तळवा सतत स्पीकरवर, बैलाच्या वशिंडावर ठेवावा तसा. पाठीमागून हाक मारली तर ढिम्म. मी म्हणायचो, सांगलीकडचा माज, दुसरं काय.

आता माझं सांगतो. मी चौथीत शाळा सोडली, पण हलगी सोडली नाही. शिरवळपासून साताऱ्यापर्यंत कुस्त्यांचा फड माझ्या हलगीशिवाय तापत नव्हता. माझ्या अंगणात यंत्र वाजणार नाही, हे मी भर पंगतीत सांगून ठेवलेलं. यंत्राला कुठं घाम येतो? व्याही मात्र माझी हलगी सुरू झाली की मान डोलवायचे, "क्या बात हाय!" वीस वर्षं डोलवत आले. त्या एका मानेपायी मी त्यांचे बाकी सगळे गुन्हे पोटात घातले होते. मागल्या दिवाळीत आले आणि फोन पुढं धरून म्हणाले, "व्याही, एकेक ठोका सुटा सुटा द्या."

"सुटा द्यायला ती काय भेंडी हाय?"

"द्या वं. ठेवतो जवळ."

दिला. मनात म्हटलं, माणसाला कदर आहे.

मग आमच्या दोघांच्या नातीची हळद आली. माझ्या मुलाची लेक, त्यांच्या लेकीची लेक. मी जाहीर केलं, हळदीला हलगी माझी, दुसरं काही नाही. नात पाटावर बसली. माझ्यावर गेलेली; म्हणाली, "आज्जा, तुजी हलगी वाजल्याबिगर मी गालाला बोट लावू द्यायची न्हाई." पाचटाच्या जाळावर कातडं तापवून मी टणटणीत केलं, हलगी गळ्यात अडकवली, वाजवायचं टिपरू उचललं. तोच बायकांनी रिवाजाप्रमाणं हळदीचं पाणी उडवायला घेतलं. पहिला तांब्या विहीणबाईंचा. तोफखान्याच्या घरातली बाई, नेम थेट हलगीवर. ठोका दिला तर नुसतं थप्. ओलं कातडं जाळावर धरलं तर फाटणार, सुकायचं तर सकाळ उजाडणार.

मागून कुणीतरी म्हणालं, "लावा आता डीजे." मी तोंड फिरवलं. व्याही पुढं आले आणि यंत्र माझ्यासमोर मांडलं.

"वाजवा, व्याही."

"मेलो तरी न्हाई."

"आवं, ह्या चार बटणांत तुमचंच ठोकं हायत. दिवाळीचं. दाबा नुसतं."

मी हात पाठीमागं बांधले.

"आज्जा," नात ओरडली, "हळद वाळाय लागली वाटीत!"

एक बटण दाबलं. कडाडलं. माझाच हात, पण दुसऱ्याच्या शेतातून आल्यासारखा. मग दुसरं, तिसरं. बोटं आपली आपण पळायला लागली. नातीनं गाल पुढं केला, बायका उठल्या, मांडव उठला. व्याही सावधान उभे, तळवा स्पीकरवर. आणि बघता बघता त्या सरळसोट माणसाचा खांदा हलला. कदमताल चुकला.

"व्याही," ते म्हणाले, "आज ऐकली तुमची हलगी."

"आज? मग वीस वर्सं मान कशापायी डोलवत हुता?"

"तुमचं हात बघून. कान तोफांनी कवाच न्हेलं. समोरच्याचं ओठ बघून भागवतो. गाणं काय ते ह्या तळव्यात येतंय. तुमची हलगी वाऱ्यात वाजायची, माझ्यापत्तुर पोचतच न्हवती."

हे मात्र ते हळू बोलले. म्हणजे शेजारच्या दोनच घरांना ऐकू गेलं असेल.

माझी वीस वर्षांची वाहवा एका वाक्यात गेली. राग यायला हवा होता. पण इतकी वर्षं मी ज्याच्या बहिरेपणाला माज म्हणत होतो, तो माणूस समोर उभा होता आणि त्याचा तळवा अजून स्पीकरवरच होता. मी बटणं थांबवली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पहिली हलगी बघितली. कातडं सुकलं होतं, मधोमध हळदीचा पिवळा डाग. पाचट पेटवून ती तापवली. व्याही निघायच्या तयारीत पिट्टूचे पट्टे आवळत होते. त्यांना मनगटाला धरून अंगणात आणलं, त्यांचा तळवा हलगीच्या कड्यावर दाबून ठेवला, आणि टिपरू उचललं.