तोंड गोड कर

आईच्या हाडांत कॅन्सर पसरला होता. मॉर्फिनच्या गोळीचा असर व्हायला वेळ लागायचा, तोवर ती गुळाचा खडा जिभेवर धरून पडून राहायची. बाळांना सुई टोचताना साखरेचं पाणी देतात तसंच हे, असं डॉक्टर म्हणाले होते. गुळाने कळ जरा सोसवेल, पण गोळी चुकवू नका. त्यामुळे कळ उठली की आई म्हणायची, "मन्हं तोंड गोड कर."

एकदा शेजारणीने ते दारातून ऐकलं आणि ती हसतच आत आली. "काय खुशखबर शे वं?" मला इतका संताप आला की मी गुळाचा डबा तिच्यापुढे आपटला. तिने आईकडे पाहिलं, आणि एक खडा उचलून आईच्या ओठांना लावला.

आई गेली. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं, की मळीचा गोडसर वास घरात शिरतो आणि मी खिडक्या धाडकन लावून घेते.

परवा माझ्या मुलीचं लग्न ठरलं. तिने पेढा माझ्या ओठांशी धरला.

"आई, तोंड गोड कर."

मी तिचा हात घट्ट धरला आणि विचारलं, "कोठे दुखस वं?"