पाठ फिरवून मारलेली फुशारकी

मंडळी, साताऱ्याच्या सायबर कॅफेत बसून घाईत लिहितेय. सकाळपासून डोकं जागेवर नाही.

आज आम्ही घरचे सगळे स्टँडवर चुलतभावाला पोचवायला गेलो होतो. सुट्टी संपवून तो सीमेवर परत निघाला. त्याचे वडील, आमचे तात्या, स्वतः माजी सैनिक. एका अनोळखी प्रवाशाला धरून त्यांचं सुरूच, "म्या एकट्यानं चौकी राखलीय गड्या. आमचं पोरगं तर वाघ हाय."

काकू म्हणाल्या, "आवं, हळू बोला." तात्यांचा आवाज आणखी चढला. गाडी हलली तरी तात्या तिच्याकडं पाठ करून बोलतच होते.

मला कालच वर्गात शिकवलेला इंग्रजी शब्द आठवला, गॅस्कनेड. म्हणजे मोठ्या तोंडाची बढाई. फ्रान्समधल्या गॅस्कनी मुलखातल्या लोकांवरून पडलेला. तिथल्या गरीब घरची पोरंही फौजेत जायची.

मनात हसू आलं. तेवढ्यात गाडी दिसेनाशी झाली आणि तात्यांनी बोलणं अर्ध्यावरच सोडलं. मागं न बघताच त्यांनी काकूंना विचारलं, "गेलं का गं पोरगं?"

तेव्हापासून चैन नाही. त्या मुलखाची बढाई शब्दकोशात राहिली. पोरं फौजेत निघताना तिथले बाप कुणीकडं तोंड करून उभे राहायचे, ते कुठं लिहिलंय का हो?