सिमिटाचं लगीन

आमचे मिस्त्री भिंत चाटायचे. नवं काम बघायला गेले, की आधी विहिरीचं पाणी तोंडात घोळवायचे, मग जुन्या भिंतीला जीभ लावायचे आणि डोळे मिटून सांगायचे, "खार लय हाये." पूर्णेकाठचा तो सगळा खारपाणपट्टा. हे कळायला भिंत चाटायची काही गरज नव्हती.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं. मी शाळा अर्ध्यात सोडून कोकणातून भटकत इथवर आलेला. बोली कळेना, कामाला कुणी ठेवीना. पिंपळगाव राजाच्या या मिस्त्रींनी विचारलं, "समुद्राजवळचा काय बे तू? मंग खाऱ्या कामाले तूच पाह्यजे." एवढ्यावर काम मिळालं, आणि उद्या जाईल ही धास्तीही तेव्हापासूनच. समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता. "मोठी खारी विहीरच ना? मंग कठडा कोनं बांधला?" असं ते गंभीरपणे विचारायचे.

नुसत्या सिमेंटवर त्यांचा विश्वास नव्हता. "एकटं सिमिट म्हंजे सडाफटिंग मानूस. खार त्याले खाऊन टाकते. त्याचं लगीन लावा." नवरी म्हणजे सुरकी, भाजक्या विटांची बारीक पूड. ती मिसळताना ते मंगलाष्टकं म्हणायचे, तीही चुकीची.

पण हा संसार जमायला वेळ लागतो. सुरकीचं काम सावकाश घट्ट होतं, ओल्या पोत्यांखाली बरेच दिवस ठेवावं लागतं. एका गावच्या पाटलांचा जनावरांचा जुना हौद खाराने पिठासारखा झडला होता, म्हणून आम्ही नवा बांधला. आठवडा झाला नाही तोच पाटील गरजले, "पोते काढा, पानी सोडा! नाहीतर दुसरा मिस्त्री आनतो."

मिस्त्रींना घर होतं, गाव होतं. मला ते काम सोडून काही नव्हतं. मी घाबरून म्हणालो, "सोडू या ना पाणी."

"काऊन बे कोकण्या? कोवळ्या अंगात खार घुसला तर हौद जाईन. त्याच्यामागं तू जाशीन."

सकाळी पाहतो तर मिस्त्री हौदाला हळद फासत होते! पाटलीणबाई थबकल्या. "हे काय होय, मिस्त्री?"

"लगीन लागलं, बाई. नवरीची हळद ओली हाये."

बाई पदर तोंडाला लावून हसल्या. पण हळदीच्या नवरीला उंबऱ्याबाहेर कोण काढतं? जरा वेळाने आतून बाईंचा आवाज आला, "हळद उतरेपर्यंत हौदाले कोनी हात लावाचा नाही!" जनावरं मुकाट नदीवर गेली. पोती भिजवली की हळद धुऊन जायची. मिस्त्री गुपचूप पुन्हा लावायचे.

हौद टिकला. पाटलांनी विहिरीचं कामही दिलं आणि मी वऱ्हाडातच राहिलो. पुढे गावी गेलो तेव्हा मिस्त्रींसाठी बाटलीभर समुद्र आणला. त्यांनी घोट तोंडात घोळवला, डोळे मिटले. "ठीक हाये. आपल्या विहिरीची सर नाही."

आता मिस्त्री नाहीत. त्या गावाला गेलो, की कुणी बघत नाहीसं पाहून मी हौदाची कड चाटतो. खारट लागते. नखाने ओरबाडतो. पीठ पडत नाही.