तो फटाका नव्हता

नांदगावच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी रावजी आहेरांचा मळा होता. मका आणि भुईमूग भरात आला की रानडुकरं उतरायची आणि एका रात्रीत वाफेच्या वाफे उकरून ठेवायची. त्यासाठी रावजींच्या वडलांपासून घरात ठासणीची एक बंदूक होती, रीतसर परवान्याची. मीना ही त्या घरातली थोरली लेक. पण घरात बंदूक आहे हे तिच्या शाळेतल्या मैत्रिणींना कधी कळलं नाही, कारण त्या घरात बंदुकीचा विषयच निघत नसे. बंदूक माळ्यावर, दारूची डबी आईच्या ताब्यात कोठीमागे. डुकरं आली की हवेत एक बार काढायचा, ती पळाली की नळी पुसून बंदूक पुन्हा माळ्यावर. एखादा पाहुणा हौसेनं म्हणालाच, "दाखवा की जरा," तर रावजी म्हणायचे, "विळा दाखवू का? त्याला बी धार हाय."

मीना चौदा वर्षांची असताना, म्हणजे एक्क्याण्णव साली, एक गोष्ट घडली. रावजींनी बंदूक पुसायला ओसरीवर काढली होती आणि ते तेल आणायला आत गेले. धाकट्या भावानं, भिकननं ती उचलली. समोरून इसाकचाचा बैल घेऊन येत होता. हा त्यांच्या शेतावर कितीतरी वर्षं राबणारा, मुलांना खांद्यावर घेऊन जत्रेला नेणारा माणूस. भिकननं त्याच्यावर नेम धरला आणि ओरडला, "हात वर!" इसाकचाचा हसला आणि त्यानं हात वर केले. मीनालाही हसू आलं. तेवढ्यात दारात रावजी दिसले आणि तिचं हसू जागीच विरलं.

त्यांनी भिकनला मारलं नाही. बंदूक हातातून काढून घेतली, पोराचं मनगट धरलं आणि इसाकच्या घरी नेलं. मीना मागोमाग गेली. इसाकच्या बायकोसमोर, त्याच्या मुलांसमोर भिकनला माफी मागायला लावली. भिकन रडत रडत म्हणाला, "नाना, पण ती रिकामी होती ना."

"रिकामी हाय हे तुला ठाव. ह्याच्या काळजाला ठाव होतं का?"

"जाऊ द्या रावजीभाऊ, पोरगं हाय," इसाकचाचा म्हणाला. मग खाली बघत बोलला, "पर खरं सांगू, माझे हात आपसूक वर गेले."

दुसऱ्या दिवशी रावजींनी बंदूक तालुक्याला नेऊन पोलीस ठाण्यात जमा केली. त्या हंगामात डुकरांनी अर्धा मका फस्त केला. गावानं टिंगल केली, आईनं आदळआपट केली. रावजींचं उत्तर एकच: मका पुन्हा पेरता येतो. मीनाला तेव्हा बापाचा रागच आला होता. एवढ्याशा गमतीपायी एवढं? त्या 'एवढ्याशा'चा अर्थ तिला कळला तो लग्न होऊन नाशकात आल्यावर.

सत्त्याण्णव साली तिचं लग्न झालं. सासर गंगापूर रस्त्याकडचं, द्राक्षबागा असलेलं. नवरा दिनेश स्वभावानं गरीब, मोठ्या भावाच्या शब्दाबाहेर नसलेला. सासरे वारले होते, पण घरात त्यांच्या काठीचं कौतुक अजून चालायचं. सासूबाई, सावित्रीबाई, रंगवून सांगायच्या, "ते बांधावर आले की गडीमाणसं चपला काढून उभी राहायची. काठी कधी कुणाला मारली नाय त्यांनी, पण नुसती आपटली की समोरच्याची जीभ टाळ्याला चिकटायची. लोक भ्यायला पायजेत, तेव्हा नमस्कार करतात." हे त्या सुनांना सांगत, आणि मांडीवरच्या नातवंडांनाही. त्या घरात मान आणि भीती हे दोन वेगळे शब्दच नव्हते.

पुढे बागांच्या जागी इमारती आल्या. जमीन विकली, बंगला झाला, आणि थोरले दीर धनराज यांना एकाएकी संरक्षणाची गरज भासू लागली. कुणापासून, हे कुणी विचारलं नाही. त्यांनी खटपटी करून परवाना काढला आणि रिव्हॉल्व्हर घेतलं. बापाच्या हातात काठी होती, लेकाच्या कमरेला हे आलं, एवढाच फरक.

त्या वर्षीच्या दसऱ्याला ते पाटावर मांडलं. झेंडूची फुलं वाहिली, हळदकुंकू लावलं. नांगर-कुऱ्हाडीची पूजा मीनानं माहेरीही पाहिली होती, त्यात तिला वावगं वाटलं नाही. पण पूजा झाल्यावर धनराजांनी ते उचललं आणि एकेका मुलाच्या हातात देऊन फोटो काढायला सुरुवात केली. "असं धर. डोळा बारीक कर. हां, आता कसा वाघ दिसतोस!" तृप्तीची, मीनाच्या चार वर्षांच्या लेकीची पाळी आली तशी मीना पुढे झाली आणि तिनं लेकीला कडेवर उचललं.

"रिकामं आहे गं मीना," धनराज हसून म्हणाले. "एवढं काय त्यात?"

"माझ्या लेकीच्या हातात नको, दादा."

सगळ्या बैठकीचा रसभंग झाला. सावित्रीबाई फणकारल्या, "पोरांना कशाला भिववतेस? भ्यायचं दुसऱ्यांनी. आपल्या पोरांनी नाय."

मीनानं दिनेशकडे पाहिलं. तो चपला शोधत होता.

त्यानंतर ते रिव्हॉल्व्हर घरातलं एक माणूसच झालं. जेवताना ते टेबलावर असायचं. गाडीला कुणी आडवं गेलं की धनराज काच खाली करून नुसता शर्ट वर करायचे, आणि घरी आल्यावर समोरच्याचा चेहरा कसा पडला याची नक्कल करून दाखवायचे. मुलं खिदळायची. तृप्तीही. मीना जेवता जेवता उठून जायची, पण उठून गेल्यानं काय होतं? लेक तर तिथेच बसलेली असायची.

मग दोन हजार सहाच्या मे महिन्यात धनराजांच्या मुलीचं लग्न निघालं. लॉन्सवर गोरज मुहूर्त, शहरातली बडी बडी माणसं, जुन्या नाशकातला नावाजलेला बॅंड. त्या बॅंडमध्ये शहजाद नावाचा तरणा ट्रम्पेटवाला होता. वरात दाराशी आली तेव्हा त्यानं असा सूर लावला की म्हातारी माणसंही नाचायला उतरली. धनराज घोड्यासमोर नाचत होते. कुणीतरी ओरडलं, "दादा, होऊन जाऊ द्या!" त्यांनी कमरेचं काढलं, हात उंच केला आणि हवेत दोन बार काढले. शिट्ट्या झाल्या. तिसऱ्या वेळी कुणाचा तरी धक्का लागला, हात खाली आला. बार झाला आणि ट्रम्पेटचा सूर मधेच तुटला.

मीना चार हातांवर तृप्तीचा हात धरून उभी होती. तिनं सगळं पाहिलं. शहजादच्या उजव्या पंजातून गोळी गेली होती. तो ओरडला नाही. वाद्य खाली पडू नये म्हणून त्यानं ते डाव्या हातानं छातीशी धरलं होतं, आणि त्या पिवळ्या पितळेवरून रक्त ओघळत होतं.

त्याला कुणाच्या तरी जीपमध्ये घालून दवाखान्यात पाठवलं. वाटलं, आता लग्न थांबेल. कसलं थांबतंय! पाच मिनिटांत मंडपाच्या मागे खलबत झालं आणि फटाका फुटला असं ठरलं. ज्याच्या त्याच्या कानात तेवढंच सांगितलं गेलं. फटाका हातात फुटला. बॅंडवाल्यांनाही पुढच्या लग्नसराईची आठवण करून देण्यात आली. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, पंगती बसल्या. मीनाच्या हातातल्या अक्षता तशाच मुठीत राहिल्या.

दवाखान्यातून वर्दी गेली म्हणून एक फौजदार आले. त्यांना खुर्ची दिली, मठ्ठा दिला. त्यांनी इकडेतिकडे विचारलं, सगळ्यांनी तेच सांगितलं. जाता जाता त्यांची नजर तृप्तीवर गेली. "काय गं बाळ, तू काय पाहिलंस?"

आठ वर्षांची तृप्ती. ती आजीला टेकून उभी होती. घोकून आणलेली कविता म्हणावी तशी, अडखळल्याशिवाय म्हणाली, "फटाका फुटला. त्या काकांच्या हातात."

सावित्रीबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. "शहाणी माझी."

मीनाच्या अंगाची लाही लाही झाली. धनराजांच्या हातातून गोळी सुटली तेव्हा तिला भीती वाटली होती. आता जे वाटलं ते निराळंच होतं. तिच्या पोटची पोर, जिच्या हातात तिनं ती वस्तू जाऊ दिली नव्हती, तिच्या जिभेवर त्यांनी ती नेऊन ठेवली होती.

"फौजदार साहेब," ती म्हणाली. पण फौजदार पाठ फिरवून चालू लागले होते आणि दिनेशनं तिचं कोपर घट्ट धरलं होतं. "लग्नघर आहे मीना. नंतर बोलू."

"नंतर म्हणजे कधी? त्याचा हात वाळून गेल्यावर?"

सकाळी ती तृप्तीला घेऊन दवाखान्यात गेली. रागावली नाही, मारलं नाही. वाटेत फक्त एवढंच विचारलं, "तू काय पाहिलंस, तृप्ती?" तृप्ती म्हणाली, "काकांनी बंदूक उडवली. पण आजी म्हणाली, घरच्यासाठी बोललेलं खोटं नसतं."

शहजादच्या उशाशी त्याची आई सलिमा बसली होती. मीनानं आपण कोण ते सांगितलं आणि लेकीला पुढे केलं. तृप्ती त्या पांढऱ्या बांधलेल्या हाताकडे बघत पुटपुटली, "मी काल खोटं सांगितलं."

शहजादनं भिंतीकडे तोंड फिरवलं. सलिमा मात्र उसळली. "ह्या लेकराला कशाला आणलं इथं? मोठे सगळे कुठे मेले? दोनशे माणूस होता ना तिथं? माझ्या पोराच्या तीन बोटांत जान नाही राहिली, आणि माफी मागायला तुम्ही बच्ची पाठवता?"

बाई बोलली ते खरं होतं. तिथून मीना निघाली ती थेट पोलीस ठाण्यात गेली आणि जबाब लिहून द्यायचा आहे म्हणून बाकावर बसली. ठाणेदार हसून म्हणाले, "ताई, घरातलं भांडण आहे का काही?" "तुमच्या ठाण्यात खरं बोलायला भांडण लागतं का?" तिनं विचारलं. दुपारपर्यंत तिला बसवून ठेवलं. ती हलली नाही. शेवटी जबाब लिहावाच लागला.

घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. तिची पिशवी फाटकाबाहेर ठेवलेली होती. सावित्रीबाई पायरीवर उभ्या राहून ओरडल्या, "ज्या ताटात जेवलीस त्यात माती कालवलीस!"

"माती कुणी कालवली, आई?" मीनाचा आवाज चिरकला. "एका पोराचा हात गेला त्याचं तुम्हाला काही नाही, आणि माझ्या लेकीला तुम्ही शहाणी म्हणता! असलं शहाणपण तुमचं तुम्हाला लखलाभ."

ती तृप्तीला घेऊन माहेरी गेली. रावजी आता थकले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तारीख निघाली की मी येईन संगं." दरेक तारखेला ते लासलगावमार्गे एसटीनं येत आणि कोर्टाच्या आवारात धोतराचा सोगा सावरत बसत. मीनानं नाशकात परतून एका रोपवाटिकेत गुलाबाची कलमं बांधायचं काम धरलं आणि पंचवटीत खोली घेतली. पावसाळ्यानंतर एक दिवस दिनेश कपड्यांची बॅग घेऊन दारात उभा राहिला. तिनं त्याला आत घेतलं, पण साक्ष द्यायला तो तयार झाला नाही. "तो माझा भाऊ आहे," म्हणायचा. तिनं त्याला घर दिलं. माफी दिली नाही.

खटला तीन वर्षं रेंगाळला. फिरलेले साक्षीदार एकामागून एक येऊन फटाक्याची शपथ घेऊन गेले. बॅंडमालक फिरला, छायाचित्रकाराची फीत कोरी निघाली, घोडेवाल्याला काही आठवेना. उलटतपासणीत वकिलानं मीनाला विचारलं, "तुम्हाला बार आणि फटाका यातला फरक कळतो?"

"मी बारांच्या आवाजात वाढले, साहेब. माझ्या वडलांनी वर्षानुवर्षं बार काढले आणि एका माणसाला ओरखडा आला नाही. त्या घरात बंदूक होती. ह्या घरात तिचा माज आहे."

"विचारलं तेवढंच सांगा."

"तेवढंच सांगितलं."

दोन हजार नऊच्या हिवाळ्यात निकाल लागला. निष्काळजीपणा झाला, एवढंच सिद्ध झालं. दंड झाला आणि कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा. परवाना मात्र रद्द झाला, हत्यार सरकारजमा झालं. धनराज संध्याकाळी हार घालून घरी गेले. पुढच्याच आठवड्यात चौकात त्यांचा हात जोडलेला मोठा फलक लागला, समाजसेवक म्हणून.

मीना निकालाच्या दिवशी सलिमाच्या घरी गेली. शहजाद ओट्यावर बसून शेजारच्या मुलांना डाव्या हातानं बाजा धरायला शिकवत होता. त्यानं या वेळी तोंड फिरवलं नाही. "सुनलं मी," तो म्हणाला. "तुम्ही एकट्याच बोललात म्हणे."

"काही उपयोग झाला नाही रे."

"नाही झाला," तो म्हणाला. त्यानं तिचं समाधान करायचा प्रयत्न केला नाही, आणि तिलाही ते नको होतं. सलिमानं मीनापुढे चहा ठेवला आणि अकरा वर्षांच्या तृप्तीला जवळ बसवून घेतलं.

परतताना बसमध्ये तृप्तीनं विचारलं, "आई, मी मोठी असते तर कोर्टात मलाही बोलता आलं असतं ना?"

"आलं असतं."

"मग काकांना खरी शिक्षा झाली असती?"

खोटं सांगायचं मीनाच्या जिवावर आलं. "ठाऊक नाही," ती म्हणाली. "पण दोनशे माणसांत एक जास्त झालं असतं." आणि तिचा राग पुन्हा उफाळून आला. एकटी आपण कशाला, बाकीचे सगळे कुठे होते, म्हणून ती इतक्या मोठ्यानं बोलू लागली की पुढच्या बाकावरचा माणूस वळून बघायला लागला. तिनं आवाज खाली आणला नाही.