जॅमबाईचा वास

ती बाई मला आवडत नव्हती, आजही आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर मागाहून कुणीतरी म्हणायचं, मावशीला तिचा पुळका आलाय.

आमची इमारत सहा मजल्यांची, सगळी ऑफिसंच ऑफिसं. तळमजल्यावर जिन्याखाली माझा चहा आणि समोरच लिफ्ट. जुनी, हाताने ओढायच्या जाळीची, त्यामुळे चालवायला माणूस लागतो. आधी एक गरीब स्वभावाचा लिफ्टमन होता. त्याच्या मणक्याचं दुखणं वाढलं, तो अंथरुणाला खिळला, आणि त्याचा निळा कोट बाह्या दुमडून त्याच्या बायकोने चढवला. पहिल्याच दिवशी तिने माझा चहा पाणचट आहे असं सांगितलं. अख्खी इमारत माझ्या चहावर जगते, आणि ही म्हणते पाणचट! तेव्हापासून आमचं विळ्या-भोपळ्याचं सख्य.

बाई म्हणजे तिरसट. जाळी अशी ओढायची की मागून येणाऱ्याची पिशवी अडकलीच पाहिजे. कुणी "थांबा, थांबा" करत धावत आलं की म्हणायची, "जिना आहे." ऑफिसातल्या पोरी वाढदिवसाच्या केकसाठी वर्गणी मागायला गेल्या, तर "मला गोड चालत नाही" म्हणून हात हलवत परत पाठवल्या. आणि स्वतःच्या अंगाला मात्र गोडाचं अख्खं दुकान फासलेलं!

हो, त्या वासाचंच सांगायचंय. आली तेव्हा तो नव्हता. लिफ्टमध्ये पूर्वी एक स्टूल असायचं. ते एका माणसाची जागा खातं म्हणून मॅनेजरने काढून टाकलं, आणि ही दिवसभर बटणांकडे तोंड, गर्दीकडे पाठ करून उभी राहायला लागली. त्यानंतर कधीतरी वास सुरू झाला. बांगड्या-टिकल्यांच्या दुकानात ती गुलाबी बाटली मिळते ना, सफरचंदाच्या आकाराचं झाकण असलेली, स्वस्तातली, कॉलेजच्या पोरी घेतात ती? तीच. स्ट्रॉबेरी काय, पीच काय, आणि वरून साखरेचा पाक. चिकट इतका की नाकात शिरला की मुक्कामालाच. जाळी उघडली की भपकारा थेट माझ्या पातेल्यावर. मी आलं घालते, वेलची घालते, आणि लोक विचारतात, "मावशी, आज चहात जॅम घातलाय का?" असा संताप व्हायचा माझा!

एक दिवस गेले तिच्या अंगावर. "अगं ए, आंघोळ करतेस का त्या बाटलीने?"

"तुमच्या पैशाने करते का?" ती म्हणाली आणि जाळी ओढून वर गेली.

मीच तिचं नाव जॅमबाई ठेवलं. आठवडाभरात ते सहाव्या मजल्यापर्यंत पोचलं. लिफ्टपेक्षा लवकर.

चौथ्या मजल्यावर एक वकील बसायचे. इमारतीच्या कमिटीचे अध्यक्ष. चहात साखर कमी, पण बोलण्यात पोतंभर. "मावशी, तुमच्या हाताला काय चव आहे हो!" मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? तर या वकिलांनी कमिटीत तक्रार घातली. लिफ्टमधल्या वासाने डोकं दुखतं, कपड्यांना वास लागतो, घरी बायको नाही नाही ते विचारते. माझ्याकडेही आले. "तुमच्या धंद्यावर परिणाम होतोय ना, मावशी? सांगा की मॅनेजरला." मी सांगितलंच. कुणाची भीती आहे मला? तोंडावर बोलते ते पाठीमागेही बोलते.

मॅनेजरने तिला लिफ्टच्या दारातच गाठलं. "बाई, पहिल्या तारखेपर्यंत ही बाटली बंद. नाहीतर दुसरा माणूस ठेवतो." दुसरा माणूस म्हणजे मॅनेजरचाच मेहुणा. तो बेटा दोनदा येऊन लिफ्टची बटणं दाबूनही गेला होता.

"बाटली बंद होणार नाही," ती म्हणाली.

"का पण?"

"मला वास आवडतो."

माझं डोकंच फिरलं. घरी नवरा पडून, तिच्या पगारावर त्याची औषधं, आणि ही बया एका अत्तराच्या बाटलीपायी नोकरी घालवणार! मी ओरडले, "अक्कल गहाण टाकलीस का गं? नवऱ्याच्या गोळ्या कोण आणणार, तुझी स्ट्रॉबेरी?"

तिने माझ्याकडे बघितलं. "मावशी, तुम्ही तुमचं बघा. चहा उतू जातोय."

आणि मेला खरंच उतू जात होता.

पहिली तारीख तोंडावर आली. एके दुपारी जेवणाची गर्दी नुकतीच वर पोचवून ती खाली आली, आणि बाहेरून एक बाई तरातरा आत शिरली. चांगल्या घरची, हातात पर्स, चेहरा लालबुंद. लिफ्टसमोर उभी राहिली, जोरात श्वास ओढला आणि जॅमबाईच्या कोटाची कॉलरच धरली.

"तूच ना ती? माझ्या नवऱ्याच्या अंगाला तुझा वास येतो! मला म्हणतात, लिफ्टमध्ये लागतो. मी काय दूधखुळी आहे?"

मी फडकं टाकून पुढे झाले. वकिलांची बायको आहे हे तोवर माझ्या ध्यानात आलं होतं. म्हटलं, आता जॅमबाईच्या झिंज्या उपटल्या जाणार, आणि खरं सांगते, मला वाईटबिईट काही वाटलं नाही.

जॅमबाईने तिचा हात झटकलासुद्धा नाही. तिने विचारलं, "अंगाला येतो? कुठं येतो?"

"म्हणजे?"

"कपडे तुम्ही धुता ना त्यांचे? मग तुम्हाला ठाऊक असेल. कॉलरला येतो?"

बाईने नकारार्थी मान हलवली.

"छातीला? खांद्याला?"

"नाही," बाई म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता. "बाहीला. उजव्या. मनगटापाशी."

"माझ्या गळ्याचा वास घ्या."

"काय?"

"घ्या. माझ्यावर एवढा आळ घेताय, तर नाक पुढं करायला काय होतंय?"

बाई वाकली. मीही वाकले, मला कुणी बोलावलं नव्हतं तरी. गळ्याला वास होता कपडे धुवायच्या साबणाचा. कोटाच्या पुढच्या बाजूलाही साबणच. मग ती वळून उभी राहिली. मागे, कमरेखाली, कोटावर हातभर ओला डाग होता आणि भपकारा तिथून येत होता.

"मी एवढंच मारते," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "भरपूर मारते. बटणं दाबायला मला पाठ करावी लागते आणि लिफ्ट भरलेली असते. मागे कोण आहे ते मला दिसत नाही. ओरडले तर म्हणतात, गर्दी आहे, चुकून हात लागला. मग म्हटलं, ज्याचा लागतो त्याने वास घरी घेऊन जावा. घरी कुणीतरी विचारेलच."

वरून घंटा वाजत होती. कुणीतरी बटणावर बोट ठेवून उभं होतं. मग घंटा थांबली, जिन्यावर पावलं वाजली आणि वकीलसाहेब खाली आले. बायकोला बघून त्यांचे पाय शेवटच्या पायरीवरच अडले. आवाज ऐकून मॅनेजरही केबिनमधून बाहेर आला.

"काय तमाशा चाललाय?" वकील म्हणाले. "लिफ्ट का अडकवून ठेवलीय? मॅनेजर, बघितलंत? म्हणूनच मी म्हणत होतो, या बाईला काढा."

चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय!

"हात दाखवा," बायको म्हणाली.

"अगं, हे काय..."

त्यांनी उजवा हात खिशात घातला. तिने मनगट धरून तो बाहेर ओढला आणि नाकाशी नेला. जेवायला बसायच्या आधी पोराने हात धुतलेत का बघतात ना, तसा. आत्ताच जेवणाच्या गर्दीतून वर गेलेला माणूस. तिने डोळे मिटले आणि हात सोडून दिला.

"अगं, लिफ्टमध्ये गर्दी असते, कळत नाही तुला?" वकील म्हणाले.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं या माणसाला मी आलं जास्त घालून चहा दिला! पुढे झाले, त्यांचा डावा हात धरला आणि हुंगला. "मग डाव्या हाताला गर्दी होत नाही का हो, साहेब?"

वकिलांनी दोन्ही हात पाठीमागे लपवले. कोर्टात म्हणे हेच हात नाचवत तासन्‌तास बोलतात.

मॅनेजरने घसा खाकरला. "हे ठीक आहे, पण वासाचा जो प्रश्न..."

"हात थांबले की वास थांबेल," जॅमबाई म्हणाली. "तुमच्या मेहुण्याला उभं करा इथं. त्याच्या कोटावरही हीच बाटली मारा, मग कुणाच्या हाताला वास लागतो ते बघू."

मॅनेजरने वकिलांकडे बघितलं. वकील जमिनीकडे बघत होते. मग मॅनेजर म्हणाला, "लिफ्ट सुरू करा बाई, वर लोक खोळंबलेत." पहिल्या तारखेचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. नोकरी राहिली.

वकील जिन्याने वर निघून गेले. चार मजले, पायी. बायको मात्र तिथेच उभी होती. मला वाटलं, आता माफी मागेल. नाही मागितली. पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत तिने विचारलं, "ही बाटली कुठं मिळते?"

जॅमबाईच्या कपाळाला आठी पडली. "तुम्हाला कशाला?"

"मला नको. आमच्याकडे कामाला एक पोरगी आहे. वरच्या कामाला. हल्ली ते घरी असले की ती खोली झाडायलाच जात नाही. मी तिला आळशी म्हणते, ओरडते तिच्यावर."

जॅमबाईने पिशवीतून ती गुलाबी बाटली काढली आणि तिच्या हातात कोंबली. एक प्रेमाचा शब्द नाही, तोंड तसंच वाकडं.

"गळ्याला लावू नको म्हणावं. कपड्यावरच मारायचं, आणि ओलं असेल असं."

"कुठं?" बाईने विचारलं.

"ते तिला माहीत असेल," ती म्हणाली आणि जाळी ओढून वर गेली.