सुमीच्या साक्षगंधाचे रोडगे

बी.एस्सी. झालेल्या माणसाला रोडगे भाजता येतातच असं नाही, हे मला वयाच्या एकविसाव्या वर्षी कळलं. तोवर मला सगळंच येत होतं.

महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षं झाली होती आणि आमच्या धामणगाव बढ्यात मी पहिलाच बी.एस्सी.! अमरावतीहून परत आलो तो गावाला शहाणं करून सोडायच्या इराद्यानंच. (गावानं तशी विनंती केली नव्हती.) त्याच सुमारास माझ्या धाकट्या बहिणीचं, सुमीचं, साक्षगंध म्हणजे साखरपुडा ठरला. मुलगा मलकापूरचा, शाळामास्तर, नाव मधुकर. सुमीला तो मनापासून आवडला होता. अडचण एकच, मधुकररावांचे वडील. आधीच्या एका सोयरिकीत मान राहिला नाही म्हणून हे गृहस्थ भरल्या पानावरून उठून गेले होते! ती सोयरीक तिथंच मोडली.

त्यामुळे बाबांनी जय्यत तयारी केली. आमच्या वांग्यांच्या मळ्यात, मारोतीच्या ओट्यापाशी पंगत. वरण, वांग्याची भाजी आणि रोडगे. जेवणं उरकली की साक्षगंध, आणि त्यात जावयाला नवं कोरं मनगटी घड्याळ, स्टीलच्या पट्ट्याचं. घड्याळाची डबी सांभाळायला बाबांनी घरातला सर्वांत शिकलेला माणूस निवडला.

रोडगे भाजायचा मान आमच्या महादूकाकांचा. कणकेच्या चार-पाच पुऱ्या तेल लावून एकावर एक रचायच्या, मोठ्या पुरीत गुंडाळून मुठीएवढा गोळा करायचा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचा. काढायचा कधी, ते काका नुसत्या वासावरून सांगत. मला हे फारच अशास्त्रीय वाटलं.

"काका, वासानं काय समजते? मिनिटं मोजा, मिनिटं!"

"मोज ना मग. हाय का घड्याळ तुह्यापाशी?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मी डबी उघडली, घड्याळ मनगटावर चढवलं आणि रिकामी डबी खिशात टाकली. एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं! पण काकांचे रोडगे लहानमोठे होते. सगळे सारखे असले तर सारखे भाजले जातील, असं सांगत मी बाह्या सरसावून परातीशी बसलो. घड्याळाला कणीक लागायला लागली म्हणून ते काढून समोरच्या पुऱ्यांच्या चळतीवर ठेवलं. (जागा स्वच्छ होती हो!) मग जमलेल्या बायकांना उष्णता कशी पसरते ते समजावून सांगायला लागलो. तोंड चालू होतं, हातही चालू होते. चाळीस रोडगे झाले, अगदी एका मापाचे, आणि निखाऱ्यात गेले.

"वाजले किती, बी.एस्सी.?" काकांनी विचारलं.

मी मनगट पाहिलं. मनगट होतं.

परात उलटी केली, गवत चाचपलं, स्वतःला झाडून पाहिलं. आणि एकदम निखाऱ्यांकडं लक्ष गेलं. तेवढ्यात पाहुण्यांच्या बैलगाड्या मळ्यात शिरल्या!

"काका, सगळे रोडगे बाहेर काढा!"

"काऊन बे? कच्चेच खाऊ घालतं का व्याह्यांले?"

सुमीनं माझा चेहरा पाहिला आणि मला विहिरीमागं ओढलं. मी खरं ते सांगितलं. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"भाऊ, ते उठून गेले ना, तर मी जन्मात तुह्याशी बोलनार नाही."

गावाला शहाणं करायला निघालेला मी, आणि माझ्यापायी बहिणीचं लग्न मोडणार! शेवटी एक युक्ती काढली. वाढताना प्रत्येक रोडगा आपणच फोडून द्यायचा.

पहिला फोडला मारोतीच्या नैवेद्याचा. नेमकी आई मागं!

"मेल्या, देवाचा रोडगा काऊन फोडला?"

"भाजला का ते पाहून राह्यलो."

"देव पाहीन ना ते!"

मग पंगतीत शिरलो. कुणी नको म्हटलं तरी पानावर वाकून फोडत सुटलो. बोटं भाजली, सदऱ्यावर तूप सांडलं. मुलाचे वडील मात्र खूश!

"पोरगा एवढा शिकला, तरी कशी सेवा करून राह्यला पहा!"

एकेक करत सगळे फोडले. राहिला फक्त मधुकररावांच्या पानावरचा. मी हात पुढं केला तोवर त्यांनी घास घेतलासुद्धा.

कट्ट!

त्यांनी रोडग्यात पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्या वडिलांच्या पाठीमागं उभा राहून दोन्ही हात जोडले. पलीकडं आंब्याच्या आडून सुमी पाहत होती. मधुकररावांनी मान खाली घातली आणि शांतपणे वरण मागितलं.

जेवणं झाली. बाबांनी माझ्याकडून डबी घेतली, चारचौघांत ऐटीत उघडली आणि तशीच धरून उभे राहिले. डबी रिकामी! मधुकररावांच्या वडिलांच्या भुवया चढल्या, उठायला एक गुडघाही उचलला गेला.

"घड्याळ मले पावलं, आबा," मधुकरराव म्हणाले आणि बाही मागं सारली. मनगटावर घड्याळ होतं. काचेवर कणीक, पट्ट्यातून तूप ठिबकत होतं. "साळेबुवानं गरम-गरम वाढलं."

वडिलांनी ते हातात घेऊन निरखलं. हुंगलं.

"मानपान लय पाह्यला म्या," ते म्हणाले, "पण जावयाचा मान रोडग्यात भरून वाढनारे लोक पयल्यांदाच पाह्यले!" आणि असे गदगदा हसले की ठसका लागला. पाणी घेऊन धावली ती सुमीच. डोळे पुसत तीही हसत होती, आणि मला इतकं बरं वाटलं की मी मारोतीच्या ओट्यावर मटकन बसलो, उरलेल्या नैवेद्यावर.

घड्याळ अकरा चाळीसला थांबलं ते कायमचं. त्यावरून रोडग्याच्या आतली उष्णता काढता येईल, असं माझ्या मनात आलं; पण मी ते कुणाला बोललो नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मला काहीतरी माहीत होतं आणि मी गप्प बसलो!

पुढं तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. तरी अजूनही आमच्याकडं रोडगे असले की मला एकच काम मिळतं, पाणी वाढायचं. आणि तेही सुमीनं माझी दोन्ही मनगटं तपासल्यावर!