थर्मासमधला बर्फ

कुणी थर्मास उघडला की चांदा जिल्ह्यातलं, धानोऱ्याजवळच्या जंगलातलं ते गाव आठवतं. गुरांच्या दवाखान्यातलं काम शिकत असताना मला तिथे बुळकांडी रोगाची लस टोचायला पाठवलं होतं. बर्फ वितळला की लस मरते, हे आम्हाला शिकवलं होतं. बैलगाडीतच थर्मासमधल्या बर्फाचं पाणी झालं, तरी मी गुपचूप तीच लस टोचली. एका म्हाताऱ्यानं विचारलं, “डॉक्टर, बाजूच्या गावात रोग आला. अशा वक्ती आमी ढोरं जंगलात पांगवतो. आता सुई टोचली, त इथीच ठेवू का?” मी म्हणालो, “ठेवा.” पंधरवड्यानं गेलो तेव्हा वर गिधाडं घिरट्या घालत होती आणि गावात गुरांच्या गळ्यातली एकही लाकडी घंटा वाजत नव्हती. म्हातारा म्हणाला, “तुमच्या सुईचा दोष नाई डॉक्टर, देवाचं करण्यात आमचंच काही चुकलं असन.” मी परत बैलगाडीत जाऊन बसलो. आजही लसीचा थर्मास उघडला की बर्फ उरलाय का, ते मी आधी त्यात बोट बुडवून पाहतो.